लांबलचक वाक्य तोडायचं नेमकं कुठे? तोडलं की तुटक वाटतं, नाही तोडलं तर कुणी वाचत नाही

नवा_कारकून

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेत सभासदांना जाणाऱ्या सूचना, मेल, वेबसाइटवरचा मजकूर असं सगळं लिहायचं काम सध्या माझ्याकडे आलंय. आधीच्या फाइली बघून त्याच थाटात लिहायला घेतलं कारण वाटलं हीच पद्धत असणार, तर आता वरून निरोप आलाय की वाक्यं फार लांब आहेत, छोटी करा. कशी करा ते कुणी सांगत नाही. खाली एक नमुना देतोय, हे वाक्य फाइलीतूनच आलंय, मी फक्त थोडेफार शब्द बदललेत:

"ज्या सभासदांनी मागील महिन्यात नूतनीकरणाचा अर्ज भरून दिला होता परंतु अर्जासोबत जोडलेल्या ओळखपत्राची प्रत अस्पष्ट असल्यामुळे ज्यांची पडताळणी पूर्ण होऊ शकलेली नाही अशा सर्व सभासदांनी त्यांना ईमेलद्वारे पाठवण्यात आलेल्या लिंकवर जाऊन ओळखपत्राची नवीन प्रत अपलोड करून त्याची पोचपावती स्वतःजवळ जपून ठेवावी अन्यथा त्यांचे सभासदत्व पुढील पडताळणी होईपर्यंत स्थगित ठेवण्यात येईल याची सर्वांनी नोंद घ्यावी."

मोजले तर ५४ शब्द. मग जिथे जिथे श्वास घ्यावासा वाटला तिथे पूर्णविराम दिला आणि हे झालं:

"काही सभासदांनी मागील महिन्यात अर्ज दिला होता. त्यांच्या ओळखपत्राची प्रत अस्पष्ट आहे. पडताळणी झालेली नाही. त्यांना लिंक पाठवली आहे. त्यांनी लिंकवर जावे. नवीन प्रत अपलोड करावी. पोचपावती ठेवावी. अन्यथा सभासदत्व स्थगित होईल."

हे तर पहिलीच्या पुस्तकातल्या धड्यासारखं झालं. साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले आता हे उद्धट वाटतंय. म्हणजे लांब ठेवलं तरी बोलणी आणि छोटं केलं तरी बोलणी. तोडायची जागा ठरवायची काही रीत आहे का, का हे ज्याला जमतं त्यालाच जमतं?

शाईचा_डाग

रीत आहे, पण ती शब्द मोजायची नाही आणि श्वासाची तर नाहीच नाही. तुमचं वाक्य मला फार आवडलं, म्हणजे वाईट वाक्याचा नमुना म्हणून, कारण यात मराठी वाक्य लांबायच्या बहुतेक सगळ्या वाटा एकाच ठिकाणी सापडतात.

आधी एक गोष्ट बघा. या सूचनेतलं खरं काम कोणतं? नवीन प्रत अपलोड करणं. बाकी सगळं त्याच्या मागचं-पुढचं. आता ते काम वाक्यात कुठे आहे ते शोधा. "अपलोड करून". त्याला स्वतःचं क्रियापदसुद्धा मिळालेलं नाही, नुसतं "-ऊन" या प्रत्ययावर भागवलंय. आणि पूर्ण क्रियापद कुणाला मिळालंय? "पोचपावती जपून ठेवावी" ला. म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात जे ठसतं ते हे की पावती जपायची आहे. आपल्याकडे जोर शेवटच्या क्रियापदावर पडतो, त्याच्या आधीची जाऊन, करून, भरून, घेऊन ही सगळी वाटेतली स्टेशनं होतात. त्यामुळे मी वाक्य तोडायला बसलो की पहिला प्रश्न हा विचारतो की यातल्या कोणत्या कामाला स्वतःचं क्रियापद द्यायला हवं. ज्याला द्यायला हवं त्याचं वेगळं वाक्य. ज्याला नको ते ऊनवर राहू दे, त्याने काही बिघडत नाही.

म्हणजे "लिंकवर जाऊन नवीन प्रत अपलोड करा". यात "जाऊन" ठीकच आहे, लिंकवर जाणं हे काही वेगळं काम नाही. तुम्ही मात्र त्याचंही वाक्य केलंत, "त्यांनी लिंकवर जावे. नवीन प्रत अपलोड करावी." म्हणून ते धड्यासारखं झालं. क्षुल्लक गोष्टीला अख्खं वाक्य दिलं की ती क्षुल्लक राहत नाही, वाचणारा विचार करतो की याचं एवढं काय.

दुसरं म्हणजे कर्ता. वाक्य चालू असताना कर्ता किती वेळा बदलतो ते बोट ठेवून बघा. सभासदांनी अर्ज दिला, प्रत अस्पष्ट आहे, पडताळणी झाली नाही, कुणीतरी लिंक पाठवली, सभासदांनी अपलोड करायचं, कुणीतरी सभासदत्व स्थगित करणार, सर्वांनी नोंद घ्यायची. यातला "कुणीतरी" दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा लपलाय, "पाठवण्यात आलेल्या" आणि "ठेवण्यात येईल". कुणी पाठवली? तुमच्याच ऑफिसने ना? मग "आम्ही पाठवली आहे" लिहायला काय हरकत आहे. कर्ता बदलतो ती जागा तोडायला बहुतेक वेळा चांगली असते. नेहमीच नाही, बहुतेक वेळा.

ऊनचा घोळ तर कर्ता बदलला की लगेच दिसतो. "लिंकवर जाऊन पासवर्ड टाकून तुमचे खाते उघडेल" असली वाक्यं सगळीकडे असतात. वाचायला गेलं तर खातंच लिंकवर गेलं, खात्यानेच पासवर्ड टाकला आणि खातंच उघडलं. कळतं आपल्याला, पण अडखळून कळतं. "लिंकवर जाऊन पासवर्ड टाका, म्हणजे खातं उघडेल" केलं की काम झालं. बघा, इथे वाक्य तोडलंही नाही, शब्दही कमी झाला नाही, तरी सोपं झालं.

वाचून_थकलो

एवढा विचार कशाला करायचा, सोपा नियम आहे. ब्रिटिश सरकारची जी वेबसाइट आहे तिच्या लेखन-सूचनांमध्ये २५ शब्दांच्या पुढे गेलेलं वाक्य तपासून बघा, जमलं तर तोडा असं आहे. मी २० धरतो. कीबोर्डवर बसल्या बसल्या मोजता येतं. आणि फ्लेशचं सूत्र आहेच, १९४८ पासून लोक वापरतायत, वाक्यातले सरासरी शब्द आणि शब्दातले सरासरी अक्षरावयव (सिलॅबल) एवढ्यावरून मजकूर किती सोपा ते निघतं. शिवाय माणसाच्या डोक्यात एका वेळी सातच्या आसपास गोष्टी राहतात हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्येच सांगून ठेवलंय.

शाईचा_डाग

@वाचून_थकलो, २५ चा आकडा इंग्रजीसाठी आहे हो, तो तसाच उचलून मराठीला लावला तर फसगत होते. इंग्रजीत "घरातल्यांसाठीसुद्धा" म्हणायला पाच-सहा सुटे शब्द लागतील, आपल्याकडे एकात काम होतं कारण विभक्ती, शब्दयोगी अव्यय, "च", "ही", "सुद्धा" सगळं त्याच शब्दाला चिकटतं. म्हणजे मराठीतलं २५ शब्दांचं वाक्य तिकडच्या २५ पेक्षा बरंच भरलेलं असतं. फ्लेशचं तेच. ते सूत्र इंग्रजी मजकुरावर बेतलंय आणि त्याला वाक्याची फक्त लांबी दिसते, आत काय चाललंय ते दिसत नाही. नवा_कारकूनचे ते आठ तुकडे त्या सूत्राला दिले तर ते खूश होईल, पण ते तुकडे वाचून कुणाला कळेल का की पडताळणी का झाली नाही? प्रत अस्पष्ट आहे "म्हणून" झाली नाही, हा "म्हणून"च कापला गेलाय. वाचणाऱ्याने तो मनात लावून घ्यायचा. वाक्यं छोटी झाली आणि काम त्याच्यावर ढकललं.

मिलरचं सात अधिक-उणे दोन हे आकडे, अक्षरं, सुटे शब्द लक्षात ठेवण्याबद्दल होतं, वाक्यात किती शब्द असावेत याबद्दल नाही. तो आकडा लोक कुठेही चिकटवतात.

आकडा पाहिजेच असेल तर मी वेगळं मोजतो. पहिलं क्रियापद, म्हणजे पूर्ण, ज्याच्यावर वाक्य टेकू शकतं असं, ते किती शब्दांनंतर येतं? आपल्या भाषेत क्रियापद शेवटी, म्हणजे ते येईपर्यंत वाचणाऱ्याला सगळं हातात धरून उभं राहावं लागतं. नमुन्याच्या वाक्यात "सभासदांनी काय करायचं" याचं उत्तर ४१ व्या शब्दाला मिळतं, आणि तेही पावती ठेवा हे. त्याउलट एखादं ४० शब्दांचं वाक्यसुद्धा सुखाने वाचता येतं जर ते टप्प्याटप्प्याने टेकत गेलं, म्हणजे अमुक झालं, मग तमुक झालं, पण ढमुक राहिलं. तिथे प्रत्येक "झालं"ला डोकं रिकामं होतं. आता माझाच प्रतिसाद बघा, वाक्यं कुठे छोटी आहेत, पण अडलात का?

उगाचच

अडलो नाही पण दोनदा चहाला उठावंसं वाटलं 😄

झटपट_राव

मी असं लिहीन. काम संपलं.

"तुमच्या ओळखपत्राची प्रत अस्पष्ट असल्यामुळे तुमची पडताळणी झालेली नाही. पडताळणी होईपर्यंत तुमचे सभासदत्व स्थगित राहील. मेलमधल्या लिंकवर नवीन प्रत अपलोड करा. पोचपावती जपून ठेवा."

कलम_तीन

@झटपट_राव, वाचायला छान आहे पण अर्थ बदलला. माझं काम करारांचे मसुदे तपासायचं असल्यामुळे नजर तिकडेच जाते, सांभाळून घ्या.

मूळ वाक्यात सभासदत्व स्थगित होणार ते "अन्यथा", म्हणजे प्रत दिली नाही तर. तुमच्या मजकुरात ते आत्ताच स्थगित झालं, प्रत द्या किंवा न द्या. सभासदाने उद्या फोन करून विचारलं की मी तर लगेच प्रत दिली होती मग मधले दिवस मला का अडवलं, तर ऑफिसकडे उत्तर नाही. दुसरी गोष्ट, ही सूचना फलकावर आणि वेबसाइटवर लागणार असेल तर "तुमच्या ओळखपत्राची प्रत अस्पष्ट" हे ज्यांचं सगळं नीट आहे तेही वाचणार आणि फोन त्यांचेही येणार. ते जे "ज्या सभासदांनी... अशा सर्व सभासदांनी" आहे ना, ते किचकट आहे खरं, पण ते उगाच नाही. कुणाला लागू हे त्यात बांधलंय. तोडताना ते सुटून पडता कामा नये.

आमच्या क्षेत्रात वाक्यं लांब असायचं कारणच हे. ब्रिटिश कायद्यांत एक कलम म्हणजे एक वाक्य अशी जुनी रीत होती. अट, अपवाद, हुकूम हे सगळं एकाच वाक्यात असलं की कुणी म्हणू शकत नाही की ही अट त्या हुकमाला लागू नाही. भीती अगदीच खोटी नव्हती. पण १८४३ मध्येच जॉर्ज कूड नावाच्या वकिलाने अशा वाक्याचे भाग पाडून दाखवले होते, प्रसंग कोणता, अट काय, कुणी करायचं, काय करायचं, असे चार. ते चार मला आजही उपयोगी पडतात. लांब वाक्य समोर आलं की पेन्सिलने त्याचे हे चार भाग करायचे आणि मग ठरवायचं की कोणतं वेगळं उभं राहू शकतं. अट सहसा एकटी उभी राहत नाही, ती हुकमाला लागूनच हवी. प्रसंग मात्र खुशाल वेगळा करा.

आणि मूळ वाक्यातच एक भोक आहे ते कुणाच्या लक्षात आलं नाही का? "अन्यथा" कशाला लागतो? लगेच आधीचं काम "पोचपावती जपून ठेवावी" आहे. म्हणजे अक्षरशः वाचलं तर पावती हरवली तरी सभासदत्व स्थगित! लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसणार, पण वाक्य तसंच म्हणतंय. "त्याची पोचपावती" मधला "त्याची" सुद्धा कशाची, प्रतीची की ओळखपत्राची की अपलोडची, ते देवाला माहीत. लांब वाक्य सुरक्षित असतं हा आमच्याच लोकांचा आवडता गैरसमज आहे. या वाक्याने काहीही सुरक्षित केलेलं नाही.

तिसरं, मुदत कुठे आहे? कधीपर्यंत प्रत द्यायची? ५४ शब्दांत तारीख नाही.

नवा_कारकून

@कलम_तीन तारीख खरंच नाहीये!! आणि हे वाक्य फाइलीत किती वर्षांपासून फिरतंय कोण जाणे. साहेबांना विचारतो.

@शाईचा_डाग "आम्ही" चालेल का पण? फाइलीत कुठेच "आम्ही" नाहीये, सगळं "करण्यात येत आहे", "कळविण्यात येते". मला वाटायचं ऑफिशियल म्हणजे असंच लिहायचं असतं.

शाईचा_डाग

चालेल का ते तुमच्या साहेबांवर, पण मराठीला तरी ते चालतं. "करण्यात येते" ला माझा सरसकट विरोध नाही, कुणी केलं याला महत्त्वच नसेल तर ठीक. पण ते एकदा आलं की आपल्याबरोबर पाहुणे घेऊन येतं. "असे ठरविण्यात आले असल्याचे कळविण्यात येत आहे." यात ठरवणारा नाही, कळवणारा नाही आणि मुख्य म्हणजे काय ठरलं ते या सगळ्याच्या आधी कोंबून बसवावं लागतं कारण "असे" शेवटी येतं. उदाहरणार्थ "उशिरा आलेले अर्ज पुढील महिन्यात विचारात घेतले जातील असे ठरविण्यात आले असल्याचे सर्व संबंधितांस कळविण्यात येत आहे." शेपूट काढून टाका. "उशिरा आलेले अर्ज पुढच्या महिन्यात विचारात घेऊ." तुम्ही कळवताय हे तुमच्या कळवण्यावरूनच कळतंय ना.

आणि जिथे "असे" खरंच लागतं, म्हणजे कुणी काय म्हटलं, कुणी काय ठरवलं, तिथे "की" वापरा. "अर्ज उशिरा आला तर तो पुढच्या महिन्यात धरावा आणि त्यासाठी वेगळे शुल्क घेऊ नये असे समितीने सुचवले" यात समिती कुठून आली ते शेवटी कळतं. "समितीने सुचवलंय की अर्ज उशिरा आला तर तो पुढच्या महिन्यात धरावा आणि वेगळं शुल्क घेऊ नये." शब्द जवळपास तेवढेच, पण क्रियापद पुढे आलं, समिती पुढे आली, वाचणारा टेकला. काही लोकांना "की" म्हणजे बोलीभाषा वाटते. वाटू दे.

आता एक राहिलं, ते म्हणजे "लेल्या" ची मालगाडी. नमुन्यात "जोडलेल्या", "पाठवण्यात आलेल्या" असे दोनच डबे आहेत, पण मी याहून मोठ्या गाड्या पाहिल्यात: "मागील वर्षी झालेल्या सभेत मंजूर करण्यात आलेल्या ठरावानुसार नेमण्यात आलेल्या समितीने सादर केलेल्या अहवालातील शिफारशी लागू झाल्या आहेत." बातमी काय तर शिफारशी लागू झाल्या. तिथे पोचेपर्यंत सभा, ठराव, समिती, अहवाल अशा चार गोष्टी भेटून गेल्या आणि प्रत्येक वेळी वाटलं की हीच मुख्य. अशा वाक्यात मधे पूर्णविराम देऊन काही होत नाही, कारण मधे जागाच नसते, प्रत्येक डबा पुढच्या नामाला अडकलेला असतो. ते उलटं करावं लागतं. आधी बातमी: "समितीच्या शिफारशी लागू झाल्या आहेत." मग इतिहास, कुणाला हवा असेल तर: "ही समिती मागच्या वर्षीच्या सभेत ठराव करून नेमली होती." आणि अर्ध्या वेळा असं होतं की उलटं केल्यावर दिसतं की इतिहासाची गरजच नाही.

ऐकून_वाचणारी

मी स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे सगळं कानाने वाचते, म्हणून थोडं वेगळं सांगते. डोळ्याने वाचणारा माणूस लांब वाक्यात हरवला तर नजर मागे टाकतो, "सभासदांनी" शोधतो आणि पुढे येतो, त्याला स्वतःलाही कळत नाही की आपण मागे गेलो. मला मागे जायचं तर एकेक शब्द मागे किंवा अख्खं वाक्य मागे. वाक्य ५४ शब्दांचं असेल तर ते सगळं पुन्हा ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना पुन्हा त्याच जागी लक्ष सुटतं कारण ती जागाच तशी असते.

पण ती तुकड्यांची यादी पण नको. तिथे आवाज दर चार शब्दांनी खाली पडतो, पूर्णविरामाला पडतोच, आणि सगळं सारख्याच महत्त्वाचं ऐकू येतं. मला सगळ्यात बरं काय पडतं सांगू का, वाक्याच्या सुरुवातीलाच कळलं की हे आधीच्या वाक्याचं काय लागतं. "त्यामुळे", "तरीही", "नाहीतर", "म्हणजे", "मात्र" हे शब्द पहिले आले की कान तयार होतात. छोटी वाक्यं लिहिणारे लोक नेमके हेच शब्द गाळतात, वाटतं त्यांना की फापटपसारा आहे.

आणि कंस! मधेच कंस उघडून त्यात अख्खी अट लिहून बंद केलेला, आवाजात तो उघडला कुठे आणि मिटला कुठे हे माझ्या सेटिंगवर अवलंबून. कंसातली गोष्ट महत्त्वाची असेल तर तिला वाक्य द्या, नसेल तर काढा.

जुनी_पोथी

थोडं विषयांतर. विरामचिन्हं ही आपल्याकडे तशी अलीकडची. मोडीत तर शब्दसुद्धा सुटे लिहायची पद्धत नव्हती, हात न उचलता ओळ चालायची आणि स्वल्पविराम, पूर्णविराम हा प्रकारच नव्हता. श्लोक-ओव्यांना दंड, म्हणजे उभी रेघ, होता पण गद्याला काय. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी गद्यात ही चिन्हं रुजवायचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशावर ज्यांनी काम केलं तेच. त्याआधीच्या गद्यात वाक्य कुठे संपलं हे क्रियापदावरूनच ओळखायचं. म्हणून शाईचा_डाग म्हणतायत ते मला पटतं, वाक्याचा शेवट टिंबाने होत नाही, तो क्रियापदाने होतो, टिंब नंतर आलं.

बाकी जुन्या बखरींमध्ये "करून", "येऊन", "जाऊन" ची लांबच लांब साखळी असते आणि ती ऐकायला झकास वाटते, कारण तिथे एकच माणूस एकामागून एक कामं करत जातो. तेव्हा लांब वाक्याला सरसकट झोडपू नका.

वाचून_थकलो

ठीक आहे, मान्य की मोजून सगळं होत नाही. पण मोजल्याने निदान कळतं तरी की कुठे बघायचं. मी तरी शंभर पानांचा मजकूर आला की आधी लांब वाक्यं शोधूनच काढणार, मग तुमची ती क्रियापदं वगैरे.

शाईचा_डाग

याला ना नाही. धूर कुठे आहे ते आकड्यावरून दिसतं.

नवा_कारकून

साहेबांनी तारीख दिली, ३० पर्यंत. आणि "आम्ही" ला पण हो म्हणाले, जरा विचार करून. सगळ्यांचं ऐकून असं केलंय, फलकासाठी:

"मागच्या महिन्यात नूतनीकरणाचा अर्ज दिलेल्या काही सभासदांच्या ओळखपत्राची प्रत वाचता येत नाही, त्यामुळे त्यांची पडताळणी अडली आहे. अशा प्रत्येक सभासदाला आम्ही ईमेलवर एक लिंक पाठवली आहे. तुम्हाला तो ईमेल आला असेल, तर लिंकवर जाऊन ओळखपत्राची नवीन प्रत ३० तारखेपर्यंत अपलोड करा. प्रत मुदतीत मिळाली नाही, तर ती मिळून पडताळणी होईपर्यंत तुमचं सभासदत्व स्थगित राहील. अपलोड झाल्यावर येणारी पोचपावती जपून ठेवा. ईमेल आला नसेल, तर तुम्हाला काही करायचं नाही."

"सर्वांनी नोंद घ्यावी" काढून टाकलं. शब्द मोजले नाहीत, पण वाढलेत नक्की. पहिलं वाक्य लांब आहे ते मुद्दाम ठेवलं, "त्यामुळे" तोडावंसं वाटलं नाही.

कलम_तीन

बरंच चांगलं. अट हुकमाला लागून आहे, "नाही तर" आता फक्त प्रतीला लागतं, पावतीला नाही, आणि पावती तिच्या जागेवर गेली. पण शेवटचं वाक्य धोक्याचं आहे. मेल स्पॅममध्ये गेला असेल तर? ज्याला मेल दिसला नाही तो हे वाचून निश्चिंत होईल आणि १ तारखेला त्याचं सभासदत्व स्थगित. तो फलकाचा फोटो काढून आणेल आणि म्हणेल तुम्हीच लिहिलंय काही करायचं नाही. त्याचं बरोबरही असेल. "ईमेल दिसत नसेल तर स्पॅममध्ये पाहा, तिथेही नसेल आणि शंका असेल तर ऑफिसात विचारा" असं काहीतरी करा.

ऐकून_वाचणारी

आणि ज्यांना लिंक पाठवताय त्यांच्या ईमेलमध्ये हाच मजकूर चिकटवू नका. तिथे कुणाला लागू हा प्रश्नच नाही, ज्याला लागू त्यालाच मेल गेलाय. तिथे झटपट_राव यांचं "तुमच्या ओळखपत्राची प्रत अस्पष्ट" हेच बरोबर बसतं, फक्त ते स्थगितीचं वाक्य "३० पर्यंत प्रत मिळाली नाही तर" ने सुरू करा. आणि लिंक दुसऱ्या वाक्यालाच द्या, सगळ्यात खाली नको.

झटपट_राव

चला, माझं अर्धं तरी कामाला आलं.

नवा_कारकून

दोन्ही बदल केले. स्पॅमचं वाक्य घातलं आणि मेल वेगळा लिहिला, चार वाक्यांत बसला. आता फाइलीतल्या बाकीच्या सूचना काढून बसलोय, पुढची "उपरोक्त विषयास अनुसरून" ने सुरू होतेय आणि पूर्णविराम पान उलटल्यावर आहे. अडलो की इथेच टाकतो.